ऐपत आणि पत

महासत्ता हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. उपग्रह वर गेला की आपण महासत्ता. क्रिकेटचा विश्वचषक जिंकला की महासत्ता. २०२५ च्या मे महिन्यात भारत जगातली चौथ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाल्याच्या बातम्या झळकल्या, तेव्हा तर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही वाचायलाच मिळालं नाही. एका काकांनी लिहिलं, "आता फक्त तीन उरले!" जणू शर्यत चाललीय आणि पुढचे तिघे दमले की सुवर्णपदक आपलंच.

त्याआधी २०२० हे साल होतं, आठवतंय का? डॉ. कलाम आणि वाय. एस. राजन यांचं पुस्तक १९९८ साली आलं. त्यात २०२० पर्यंत भारत विकसित देश कसा होईल याचा आराखडा होता: शेती, आरोग्य, वीज, साहित्य-तंत्रज्ञान अशी रूक्ष आणि कामाची प्रकरणं. आपण ते पुस्तक न वाचताच त्यातलं साल उचललं आणि 'विकसित' हा शब्द खोडून तिथे 'महासत्ता' लिहिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणांपासून निवडणुकीच्या फलकांपर्यंत सगळीकडे तेच. २०२० उजाडलं, टाळेबंदी आली, आणि ते साल कुणाला आठवेनासं झालं. आता २०४७ आहे.

स्वप्नाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मोजमापाला. आपण महासत्ता मोजतो ती एकूण उत्पन्नाने, लोकसंख्येने, अण्वस्त्रांनी आणि चंद्रावरच्या चाकांनी. म्हणजे ऐपतीने. आणि गेल्या चारपाचशे वर्षांचा इतिहास ओरडून सांगतो आहे की महासत्ता ऐपतीवर होत नाही, पतीवर होते. (नवरेमंडळींनी खूश होऊ नये, ही 'पत' वेगळी.)

फरक साधा आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा. एक गिऱ्हाईक मोटारीतून येतं, हातात चार अंगठ्या असतात, पण त्याला वाणी रोख घेतल्याशिवाय पिशवी देत नाही. दुसऱ्याची सायकल असते, पण त्याने नुसतं "पहिल्या तारखेला देतो" म्हटलं की महिन्याचा किराणा घरपोच जातो. पहिल्याकडे ऐपत आहे, दुसऱ्याकडे पत आहे. ऐपत म्हणजे माझ्याकडे काय आहे. पत म्हणजे माझ्या शब्दावर दुसरा काय देईल. देशांचंही असंच असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पटवण्यासाठी थोडं इतिहासात फिरवून आणतो.

आधी तो लाडका आकडा घेऊ, एकूण उत्पन्नाचा. अँगस मॅडिसन या अर्थ-इतिहासकाराने जुन्या काळातल्या देशांच्या उत्पन्नाचे अंदाज बांधले. त्यांच्या हिशेबाने १७०० साली भारताचा वाटा जगाच्या उत्पन्नात जवळपास पाव होता. हा आकडा आपल्याकडे अभिमानाने फिरतो. त्याच तक्त्यातला दुसरा आकडा मात्र कुणी फिरवत नाही. १८२० साली चीनचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश होता. जगातला पहिला क्रमांक, निर्विवाद. आणि वीस वर्षांनी, १८३९ ते १८४२ च्या अफूच्या युद्धात, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेल्या थोड्याशा इंग्रजी जहाजांनी त्या पहिल्या क्रमांकाला गुडघे टेकायला लावले. हाँगकाँग काढून घेतलं, वर दंडही वसूल केला. क्रमांकाने काही वाचवलं नाही.

बरं, उत्पन्न नको, सोनंनाणं घेऊ. स्पेनएवढं सोनंनाणं कुणाला मिळालं? १५४५ च्या सुमाराला आजच्या बोलिव्हियात पोतोसी इथे अक्षरशः चांदीचा डोंगर सापडला. गलबतं भरभरून चांदी सेव्हिलला उतरत होती. युरोपातलं सगळ्यात दरारा असलेलं पायदळ स्पेनचं. तरीही राजा दुसरा फिलिप याने १५५७, १५७५ आणि १५९६ साली सावकारांपुढे हात वर केले. म्हणजे डोंगरभर चांदी असलेला राजा दिवाळखोर! कारण कर्ज राजाचं, शब्द राजाचा, आणि तो मोडला तर राजाला विचारणारं कुणी नाही. सावकार मूर्ख नव्हते. त्यांनी त्या जोखमीचं व्याज आधीच लावलेलं असायचं. पगार थकलेल्या स्पॅनिश फौजेने १५७६ साली अँटवर्प हे स्वतःच्याच राजाचं, युरोपातलं सगळ्यात श्रीमंत व्यापारी शहर लुटलं. पत गेली की काय होतं याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

आणि स्पेनविरुद्ध बंड करून उभे कोण होते? डच. चिखलातून जमीन उपसून काढणारे पंधरा लाखांच्या आसपास लोक. ना चांदी, ना लाकूड, धान्यसुद्धा बाहेरून आणायचे. पण १६०२ साली त्यांनी समभाग विकून ईस्ट इंडिया कंपनी उभी केली, १६०९ मध्ये ॲमस्टरडॅमची पेढी काढली, आणि सतराव्या शतकाच्या मध्याला हॉलंड प्रांताला ४ टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज मिळत होतं. का? कारण कर ठरवणारे, कर भरणारे आणि सरकारला कर्ज देणारे बरेचसे एकाच थरातले लोक होते. स्वतःचे पैसे कोण बुडवेल? ऐंशी वर्षं लढून १६४८ साली स्पेनला त्यांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. चांदीचा डोंगर हरला आणि ४ टक्के जिंकले.

इंग्रजांनी हे पाहिलं आणि शिकले, पण आधी एक ठेच लागली. १६७२ साली राजा दुसरा चार्ल्स याने लंडनच्या सोनार-सावकारांची देणी थांबवली. कित्येक पेढ्या बसल्या. पुढे १६८८ ची क्रांती झाली आणि तिजोरीची चावी पार्लमेंटच्या हाती गेली. १६९० साली फ्रेंच आरमाराने समुद्रात मार दिला, नवं आरमार हवं होतं, पैसे नव्हते. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली ती मुळात या कामासाठी: सरकारला १२ लाख पौंड, ८ टक्के व्याज, आणि ठरावीक करांच्या उत्पन्नातून व्याज देण्याची कायद्याने हमी. बारा दिवसांत सगळी रक्कम जमली. साठेक वर्षांनी तेच सरकार ३ टक्क्यांनी कर्ज घेत होतं.

पलीकडे फ्रान्स. लोकसंख्या तिपटीच्या आसपास, जमीन सुपीक, राजा वैभवशाली. पण व्याज नेहमी इंग्लंडपेक्षा चढं, कारण फ्रान्सचे राजे अधूनमधून देणी कापायचे. १७८८ च्या ऑगस्टमध्ये तिजोरीने हात वर केले, राजाला प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली, आणि पुढचं १७८९ आपल्याला शाळेत शिकवलेलंच आहे. ब्रिटनने मात्र नेपोलियनला हरवेपर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास कर्ज डोक्यावर घेतलं आणि तरी ते बुडालं नाही. ट्रफाल्गरला जहाजं लढली हे खरं. ती जहाजं वर्षानुवर्षं समुद्रात राहू शकली, खलाशांना बिस्किटं आणि तोफांना दारू मिळत राहिली, ती या ३-४ टक्क्यांमुळे.

आता थोडं घरच्या इतिहासाकडे, कारण ही गोष्ट आपल्या दारातही घडली. पहिला बाजीराव लढाई हरला नाही, पण सावकारांपुढे त्याचं काय होत होतं ते त्याच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत दिसतं. कर्जाच्या तगाद्याने हा अजिंक्य माणूस मेटाकुटीला आला होता. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली, कारण लाखभर माणसांचं आणि जनावरांचं पोट भरायला पैसे नव्हते. पुढच्या जानेवारीत पानिपतावर उपाशी फौज लढली. आपण आजही विश्वासरावाला लागलेल्या गोळीची चर्चा करतो. मला ते छत जास्त महत्त्वाचं वाटतं. १८०३ साली असईला शिंद्यांचा तोफखाना इंग्रजांना भारी होता, हे खुद्द आर्थर वेलस्लीने मान्य केलं. पण कंपनीचे पगार बऱ्यापैकी वेळेवर होत होते आणि सुरत-बनारसचे आपलेच सावकार कंपनीला कर्ज देत होते. त्यांना देशद्रोही म्हणून मोकळं होता येतं. पण सावकार देशभक्तीचा धंदा करत नसतो. पैसे परत कोण करेल एवढंच तो बघतो.

इथे एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे: "अहो, इंग्रजांनी लूट केली, म्हणून ते मोठे झाले!" लूट केली यात वादच नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडून माल आणि माणसं घेऊन त्याबदल्यात लंडनमध्ये नुसती नोंद ठेवली गेली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपल्याला सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. आणि याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. हे विसरायचं कारण नाही. पण लुटीने महासत्ता होत असती तर स्पेन आजही महासत्ता असता आणि नादिरशहाचं घराणं तेहरानमधून जग चालवत असतं. लूट सगळ्यांनीच केली. ती टिकवून तिच्यावर आणखी उचल कुणाला मिळाली, हा प्रश्न आहे.

आणि पत म्हणजे पुण्य असंही मी म्हणत नाहीये. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई ठरली. गुलामांना नाही, त्यांच्या मालकांना! त्यासाठी सरकारने कर्ज काढलं, आणि त्या कर्जाचा शेवटचा अवशेष फेडला गेला तो २०१५ साली. एकशे ऐंशी वर्षं शब्द पाळला, आणि तो शब्द दिलेला होता गुलामांच्या मालकांना. ज्यांचे हात राबले त्यांना एक छदामही मिळाला नाही. तेव्हा पत ही सज्जनपणाची पावती नाही. ती फक्त हे सांगते की या माणसाने कागदावर सही केली तर त्या सहीला किंमत आहे.

या पतीचा जोर कळतो तो ती संपते तेव्हा. १९५६ सालचं सुएझ बघा. २६ जुलैला नासरने कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरच्या शेवटी इस्रायल, आणि पाठोपाठ ब्रिटन आणि फ्रान्स, इजिप्तवर चालून गेले. ब्रिटन म्हणजे महायुद्ध जिंकलेला देश, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असलेला, १९५२ पासून अणुबाँब बाळगणारा. लष्करी दृष्ट्या मोहीम ठीक चालली होती. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक उतरले आणि ६ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्ध थांबवलं. कुणी हरवलं? रणांगणावर कुणीच नाही. जगभर लोक पौंड विकत सुटले होते, गंगाजळी आटत होती, आणि आयझेनहॉवरच्या अमेरिकेने निरोप दिला की सैन्य मागे घेतल्याशिवाय नाणेनिधीचं कर्ज मिळणार नाही. माघार कबूल झाली आणि डिसेंबरात सुमारे १३० कोटी डॉलरची सोय झाली. जानेवारीत पंतप्रधान ईडन घरी गेले. अणुबाँब होता, पण तो बँकेत वटत नव्हता. महासत्ता कोण याचा निकाल त्या आठवड्यात लागला.

(जाता जाता: महायुद्धानंतर अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या डिसेंबरात भरला. साम्राज्य गेलं, पण हप्ता चुकवण्याची सवय काही लावून घेतली नाही. काही वर्षं मुदत मागून घेतली, पण फेडलं.)

सोव्हिएत रशियाची कथा याच्या उलट बाजूने तेच सांगते. १९५७ साली पहिला उपग्रह, १९६१ साली पहिला अंतराळवीर, ऐंशीच्या दशकात चाळीस हजारांच्या आसपास अण्वस्त्रं. आपल्या ग्रुपवरच्या प्रत्येक कसोटीत शंभरपैकी शंभर. पण १९७२ साली हाच देश अमेरिकेकडून जहाजंच्या जहाजं भरून गहू घेत होता. त्याचा रुबल देशाबाहेर कुणी घेत नव्हतं; गव्हाचे पैसे तेल आणि सोनं विकून द्यावे लागत. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले, आणि १९९० मध्ये परदेशी व्यापाऱ्यांची देणी थकू लागली. १९९१ च्या डिसेंबरात देशच उरला नाही. सगळी अण्वस्त्रं जागेवर होती, एकही उडालं नाही, एकही कामाला आलं नाही. एवढ्याने साम्राज्य कोसळलं असं म्हणणं बालिश होईल, बाल्टिक देशांपासून अफगाणिस्तानपर्यंत बरीच कारणं होती. पण ज्याच्या शब्दावर बाहेरचा कुणी पोतंभर गहू उधार देत नाही, तो महासत्ता कसला?

मग अमेरिका काय आहे? तिच्या डोक्यावर आज ३६ लाख कोटी डॉलरपेक्षा जास्त सरकारी कर्ज आहे. आमचे काका हा आकडा सांगून म्हणतात, "बघ, कंगाल देश!" अहो, उलट विचारा: एवढं कर्ज जग तिला देतं का? कारण मध्यवर्ती बँकांच्या राखीव चलनात निम्म्याहून अधिक वाटा अजूनही डॉलरचा आहे. कारण ब्राझीलचा सोयाबीनवाला आणि कोरियाचा जहाजवाला एकमेकांचा हिशेब डॉलरमध्ये करतात. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सनने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं, म्हणजे चक्क शब्द फिरवला, तरी जगाने डॉलर टाकला नाही, कारण दुसरं खात्रीचं ठिकाण नव्हतं. आणि माणसांचंही तेच. हिटलर-मुसोलिनीच्या युरोपातून पळालेल्या झिलार्ड आणि फर्मी यांनी आपलं डोकं तिथे ठेवलं. आपल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी तिथे आहे. ते पगारासाठी गेले, पण तिथे केलेला करार पाळला जाईल आणि घेतलेलं घर आपलंच राहील, या भरवशावर थांबले.

हाच भरवसा आता पातळ होतोय, आणि तो चीनच्या क्षेपणास्त्रांनी नाही तर घरच्या घरी. तीन मोठ्या पतमापन संस्थांनी एकामागून एक, २०११, २०२३ आणि २०२५ साली, अमेरिकेचं सर्वोच्च मानांकन काढून घेतलं. २०२२ साली युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. कारण समजण्यासारखं होतं, पण प्रत्येक देशाच्या अर्थमंत्र्याने मनात नोंद केलीच. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश एका रात्रीत निघाला आणि सुट्टीवर आलेल्या कितीजणांनी घाबरून विमानं पकडली ते आपण आपल्याच घरांत पाहिलं. एका रात्रीत नियम बदलणारा दुकानदार कितीही मोठा असो, गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधू लागतं.

दुसरं दुकान चीन? कारखाने बघाल तर हो. जगातल्या एकूण कारखानदारीपैकी तीस टक्क्यांच्या आसपास त्याची, जहाजबांधणीत निम्म्याहून अधिक. २०२५ साली त्याने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांवर निर्बंध घातले तेव्हा आपल्या मोटार कंपन्यांचीही पळापळ झाली. ही ताकद खरी आहे, मी नाकारत नाही. पण अडवणूक करण्याची ताकद आणि पत यात फरक आहे. २०१० साली चीनने जपानची अशीच अडवणूक केली, तेव्हापासून जपानने दुसरे पुरवठादार उभे करून चीनवरचं अवलंबन बरंच कमी केलं. आणि चिनी युआनचा वाटा जगाच्या राखीव चलनात २ टक्क्यांच्या घरात अडकलाय. आत टाकलेला पैसा बाहेर काढता येईल का याची खात्री नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये जॅक मा यांच्या अँट कंपनीची प्रचंड भागविक्री बाजारात येण्याच्या दोन दिवस आधी सरकारने थांबवली. मोठमोठे चिनी श्रीमंत आपला पैसा व्हँकुव्हर आणि सिंगापुरात का ठेवतात, याचं उत्तर यात आहे.

आता आपण. आधी एक गोष्ट जी नव्या पिढीला ठाऊकच नसते: एकेकाळी दुबईत, कतारमध्ये, बहारीनमध्ये, कुवेतमध्ये भारतीय रुपया चालायचा. चोरून नाही, अधिकृत. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा छापत होती. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांना गेला, आणि तोवर रुपया न सोडलेल्या आखाती राज्यांपैकी बहुतेकांनी लगेच तो सोडला. आज आपलेच लोक त्यांच्या दिरहॅमसाठी तिथे उन्हात राबतात. लोकसंख्या आपली तेव्हाही त्यांच्या कित्येक पट होती, बरं का.

तरी आपल्या खात्यावर एक मोठी जमा आहे. स्वतंत्र भारताने परदेशी कर्ज कधी बुडवलं नाही. १९९१ साली गंगाजळी दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा जवळपास ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी पाठवलं, पण हप्ता चुकवला नाही. त्या वेळी लोकांना लाज वाटली होती. मला तो आपल्या इतिहासातला अभिमानाचा प्रसंग वाटतो. बायकोचे दागिने गहाण ठेवून वाण्याची उधारी वेळेवर चुकवणाऱ्या माणसाला पुढे कुणी नाही म्हणत नाही. २०२२ साली श्रीलंका बुडत असताना आपण सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत उभी केली, ती याच वाटेवर पुढचं पाऊल होतं.

पण याच्या शेजारी दुसरी पानंही आहेत. दाभोळ घ्या. १९९३ साली महाराष्ट्राच्या वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी करार केला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, १९९६ मध्ये पुन्हा केला, आणि २००१ मध्ये पैसे देणं थांबवून पुन्हा मोडला. करार वाईट होता, महाग होता, मान्य. मग दुसऱ्यांदा सही का केली? पत म्हणजे सही पाळणं जितकं, तितकंच सही करण्याआधी वाचणं.

किंवा पूर्वलक्षी कर. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला. दोन महिन्यांत अर्थसंकल्पात कायदाच बदलला, तोही १९६२ पासून लागू! आपण हरलो म्हणून खेळाचे नियम पन्नास वर्षं मागे जाऊन बदलले. पुढे आंतरराष्ट्रीय लवादांत हरलो, २०२१ मध्ये केर्न कंपनीने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तेवर टाच आणली, आणि मग त्याच वर्षी ती तरतूद मागे घेतली आणि पुढे पैसे परत केले. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ साली जे केलं त्यात आणि यात मला फारसा फरक दिसत नाही. आणि हे एका पक्षाचं पाप नाही. एकाने केलं, दुसऱ्याने सात वर्षं चालू दिलं.

हे सगळं फार वरचं वाटत असेल तर खाली येऊ. माझ्या आत्येभावाचा लोखंडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे. सहा माणसं. एका सरकारी खात्याला त्याने कपाटं आणि बाकं पुरवली. माल तपासून घेतला, सह्या झाल्या, आणि बिल दोन वर्षं फिरतंय. कायदा आहे, २००६ सालचा, की छोट्या उद्योगाचं देणं ४५ दिवसांत द्यायचं. कायद्यावर बोट ठेवलं तर पुढच्या वेळी निविदाच उघडत नाहीत. मधल्या काळात कामगारांचे पगार त्याने बाहेरून चढ्या व्याजाने पैसे उचलून केले, आणि वहिनीच्या पाटल्या गेल्या त्या अजून आल्या नाहीत. आता तो सरकारी निविदेत काय करतो माहितीये? थकबाकीचं व्याज धरून भाव पंधरा टक्के चढा लावतो. त्याच्यासारखे सगळेच लावतात. म्हणजे सरकार प्रत्येक बाक महाग घेतं, कारण त्याच्या शब्दाला बाजारात किंमत नाही. दुसऱ्या फिलिपला सावकार चढं व्याज लावत होते ते याच कारणाने. मधे साडेचारशे वर्षं गेली, हिशेब तोच आहे.

आणि न्याय मागायचा तर देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक खटले पडून आहेत. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो, ही आपल्याकडे विनोदाची गोष्ट राहिलेली नाही. करार मोडणाऱ्याला ठाऊक असतं की निकाल लागेपर्यंत समोरचा थकेल. ज्या देशात करार मोडणं हा फायद्याचा धंदा आहे, त्या देशाच्या कागदावर परका माणूस किती विश्वास ठेवेल?

मला विचाराल तर महासत्तेची कसोटी अगदी घरगुती आहे. नैरोबीतला एखादा शाळामास्तर, ज्याचं आपल्याशी काही नातं नाही, तो मुलीच्या लग्नासाठी वीस वर्षं पुरवायचे पैसे कुठल्या चलनात ठेवेल? सतराव्या शतकात अशा माणसाने गिल्डर म्हटलं असतं, एकोणिसाव्या शतकात पौंड, गेल्या शंभर वर्षांत डॉलर. तो ज्या दिवशी न अडखळता "रुपया" म्हणेल त्या दिवशी आपण महासत्ता असू, मग आपला क्रमांक चौथा असो की सातवा. आणि तो तसं म्हणावा म्हणून चंद्रावर जायची गरज नाही (जा, जरूर जा, मलाही आनंद होतो). गरज आहे ती बिलं ४५ दिवसांत देण्याची, कायदा मागच्या तारखेने न बदलण्याची, आकडे गैरसोयीचे असले तरी वेळेवर छापण्याची. २०२१ ची जनगणना अजून व्हायची आहे आणि ती आता २०२७ वर गेलीय. खातेवही न दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला कुठला वाणी उधार देतो?

यात टाळ्या मिळण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. "आमच्या जिल्ह्यात सगळी सरकारी बिलं मुदतीत चुकती झाली" असा फलक लावून कुणी निवडणूक जिंकत नाही. पण बँक ऑफ इंग्लंडला पैसे देणाऱ्या त्या लंडनच्या लोकांनाही आपण साम्राज्य उभं करतोय असं काही वाटलं नसणार. त्यांना आठ टक्के हवे होते आणि ते वेळेवर मिळाले, एवढंच.

असो. काकांचा पुढचा फॉरवर्ड येईल तेव्हा मी त्यांना एकच विचारणार आहे: आत्येभावाचं बिल निघालं का?